बोंडूचं भावंड आणि कोळशाची रेघ

वसईकडे एक वाडी होती. वाडीत केळी होत्या. माड होते. मधोमध एक कौलारू घर होतं. घरात लुर्दी राहायची. लुर्दी चार वर्षांची होती. पण कुणी चार म्हटलं की ती सांगायची, साडेचार.

घरामागे खुराडं होतं. खुराड्यात कवडी कोंबडी बसली होती. कवडीच्या पोटाखाली चार अंडी होती. प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक काळी रेघ होती. ती लुर्दीच्या आईने काढली होती.

रेघ कशाला? रेघ म्हणजे, या अंड्याला हात लावायचा नाही. यात पिल्लू आहे. वाडीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना हे ठाऊक होतं. लुर्दीला ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षांत सगळंच कुठे ठाऊक होतं?

शनिवारी सकाळी एक अंडं बोललं. टक टक टक. मग ते तडकलं. मग ते फुटलं. आतून बोंडू आला. पिवळा, गोल, कापसाच्या बोंडाएवढा. म्हणून त्याचं नाव बोंडू.

बोंडूने पहिलं काम काय केलं? शेजारच्या अंड्याला कान लावला. आतून आवाज आला, टक. बोंडूने चोचीने उत्तर दिलं, टक. आतून आलं, टक टक. बोंडू म्हणाला, टक टक. अशा त्यांच्या खूप गप्पा झाल्या. आत होतं बोंडूचं भावंड. ते आज येणार होतं. अगदी आजच.

मग कवडीला भूक लागली. ती दोन मिनिटं दाणे टिपायला गेली. बोंडू तिच्या मागे मागे गेला. दाणा कसा टिपतात ते त्याला शिकायचं होतं.

आणि तेवढ्यात कोण आलं? लुर्दी आली.

उद्या ईस्टर होता. म्हणून आज अंडी रंगवायची होती. लुर्दीच्या घरी अंडी कशी रंगवतात, सांगू? अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान चिकटवायचं. वरून जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं. झालं गाठोडं. मग चुलीवर पातेलं ठेवायचं. पातेल्यात पाणी घालायचं. पाण्यात कांद्याची सालं टाकायची. पाणी लाल झालं, की गाठोडी आत सोडायची. नंतर फडकं सोडलं, की अंडं लालबुंद, आणि त्यावर पांढरं पांढरं पान.

अंडी चार हवी होती. एक आईचं. एक पपांचं. एक आत्याचं. आणि एक लुर्दीचं. घरात मात्र तीनच होती. आईने चौथं खुराड्याबाहेरच्या टोपलीत आहे का बघायला सांगितलं. टोपली रिकामी होती. म्हणून लुर्दी खुराड्यात शिरली. तिला रेघ दिसली. ती खूश झाली. तिला वाटलं, अरे वा, यावर तर कुणीतरी चित्र काढायला घेतलंय. मग हेच माझं.

आणि तिने बोंडूचं भावंड उचललं.

कवडी परत आली. अंडी होती तीन. राहिली दोन. पक पक पकाक. तिने खुराडं डोक्यावर घेतलं. पण ती जाणार कशी? उरलेली दोन गार पडली असती. ती त्यांच्यावर बसली आणि म्हणाली, "बोंडू, तू जा. भावंडाला घेऊन ये."

बोंडू सकाळी जन्मला आणि दुपारी कामाला लागला.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू अंगणात आला.

अंगणात चूल पेटली होती. चुलीवर पातेलं होतं. चुलीजवळ सूप होतं. सुपात चार गाठोडी होती. शेवटच्या गाठोड्यातून आवाज आला. टक टक. बोंडूने तो लगेच ओळखला.

आई घरात पीठ मळत होती. लुर्दी सुपाशी बसली होती. बोंडू म्हणाला, "लुर्दीताई, लुर्दीताई, गाठोड्यात माझं भावंड आहे. गाठ सोडतेस का?"

लुर्दी हसली. ती म्हणाली, अंड्यात पिवळं असतं आणि पांढरं असतं. भावंड नसतं. पण मग तिने बोंडूचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. लुर्दी काही वाईट नव्हती. पण या अंड्याची ती किती दिवस वाट बघत होती. हे दिलं, तर सगळ्यांना अंडं आणि तिला काहीच नाही. तिचा खालचा ओठ हलायला लागला.

"नाही कोण म्हणतंय?" लुर्दी म्हणाली. "पण हे माझं आहे. मला दुसरं अंडं आण. मग गाठ सोडते. आणि लवकर ये. पाणी लाल झालं की आई गाठोडी आत सोडणार."

बोंडूने पातेल्याकडे पाहिलं. पातेलं अजून गप्प होतं.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू बदकीणमावशीकडे गेला.

बदकीणमावशी केळीखाली उभी होती. आधी डावा पाय वर. मग उजवा पाय वर. तिचं डबकं आटलं होतं. चिखल तापला होता. पायाला चटके बसत होते.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
मावशी, अंडं देतेस का?"

"नाही कोण म्हणतंय?" बदकीण म्हणाली. "गवतात ठेवलंय बघ, मोठ्ठं. पण माझे पाय भाजतायत. आधी डबक्यात पाणी आण."

तिकडे पातेल्याने सुस्कारा सोडला. फुस्स.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू पाटदादाकडे गेला.

पाट म्हणजे वाडीतली पाण्याची वाट. विहिरीचं पाणी पाटातून जातं. केळींना जातं. माडांना जातं. बदकिणीच्या डबक्यात जातं. पण आज पाटात एक मोठं सुकं केळीचं पान आडवं पडलं होतं. पाणी पानाशी येऊन थांबलं होतं.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
दादा, पाणी देतोस का?"

"नाही कोण म्हणतंय?" पाट म्हणाला. "पण हे पान माझ्या नाकात अडकलंय बघ. आधी ते काढणारं कुणीतरी आण."

तिकडे पातेल्यात एक बुडबुडा आला. बुड.

बोंडूने स्वतः पान ओढून पाहिलं. हुंऽऽ. पान हललं नाही. बोंडूच उलटा पडला. उठला, पिसं झटकली आणि निघाला.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू शेळीकाकूकडे गेला.

शेळीकाकू खुंटाला बांधली होती. पाटातलं पान तिला दिसत होतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ती मान ताणायची. जीभ काढायची. पण दावं चार बोटं कमी पडायचं. चारच बोटं, बरं का. सकाळपासून.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
काकू, पान खातेस का?"

"नाही कोण म्हणतंय?" शेळी म्हणाली. "मी तर पान खाईन आणि देठही खाईन. पण मला बांधलंय. आधी दावं तोडणारं कुणीतरी आण."

तिकडे पातेल्यात दोन बुडबुडे आले. बुड बुड.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू उंदीरमामाकडे गेला.

उंदीरमामा बिळाच्या दारात बसला होता. पोटावर हात ठेवून. पोट अगदी खपाटीला गेलं होतं. म्हणजे असं तो म्हणत होता. आम्हाला तर ते गोलच दिसलं.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"शेळी पान खाईना,
पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
मामा, दावं तोडतोस का?"

"नाही कोण म्हणतंय?" उंदीर म्हणाला. "दावं म्हणजे माझ्या डाव्या दातांचं काम. पण रिकाम्या पोटी दात चालत नाहीत. आधी खोबरं आण."

तिकडे पातेल्यातलं पाणी पिवळं झालं.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू माडआजोबांकडे गेला.

माडआजोबा उंच होते. बोंडूने वर पाहिलं. अजून वर पाहिलं. एवढं वर पाहिलं, की तो मागे पडला. माडाच्या डोक्यावर एक सुका नारळ लटकत होता. आज पडू की उद्या पडू, असा.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"उंदीर दावं तोडेना,
शेळी पान खाईना,
पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
आजोबा, नारळ देता का?"

"नाही कोण म्हणतंय?" माड म्हणाला. "पण मला कुठे हात आहेत, बाळा? वारा आला की मी डुलतो. मी डुललो की नारळ पडतो. दोन दिवस झाले, वाराच आला नाही. आधी त्याला आण."

तिकडे पातेल्यातलं पाणी नारिंगी झालं.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू वाराभाऊकडे गेला.

वारा कुठे होता? चर्चच्या मागे. चिंचेच्या झाडाखाली. आणि काय करत होता? झोपला होता. घोर्र फूस, घोर्र फूस. बोंडू त्याच्या कानाशी गेला. चिव चिव चिव. वाऱ्याने एकच डोळा उघडला, तोही अर्धा.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

बोंडू म्हणाला,

"माड नारळ टाकेना,
उंदीर दावं तोडेना,
शेळी पान खाईना,
पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
भाऊ, जरा वाहतोस का?"

"नाही कोण म्हणतंय?" वारा म्हणाला आणि त्याने लांबलचक जांभई दिली. "पण मला जाग येते ती चर्चच्या घंटेने. घंटा वाजली की मी उठतो. घंटा वाजलीच नाही. मग मी कसा उठू? आधी घंटा वाजव."

आणि तो पुन्हा झोपला. घोर्र फूस.

तिकडे पातेल्यातलं पाणी तांबूस झालं. बुड बुड बुड.

बोंडूचे पाय दुखायला लागले होते. आज सकाळचे तर पाय. पण त्याला आठवलं, टक टक. आणि तो निघाला.

तुरु तुरु तुरु तुरु, बोंडू घंटाबाईंकडे गेला.

घंटाबाई चर्चच्या दारावर टांगलेल्या होत्या. पितळेच्या. मोठ्या. चकचकीत. त्या काही विचारेनात. हूं नाही की चूं नाही.

बोंडू आपणच म्हणाला,

"वारा जागा होईना,
माड नारळ टाकेना,
उंदीर दावं तोडेना,
शेळी पान खाईना,
पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
बाई, तुम्ही वाजता का?"

आतापर्यंत सगळे म्हणाले होते, नाही कोण म्हणतंय?

घंटाबाई हळूच म्हणाल्या, "मी म्हणते. नाही."

त्यांनी कुजबुजत सगळं सांगितलं. ईस्टरच्या आधी घंटा मुकी होते. गुरुवारी ती गप्प बसते. शुक्रवारी गप्प बसते. शनिवारी सण येईपर्यंत गप्पच बसते. आजीच्या आजीपासून असंच चाललंय. सण आला की त्या वाजणार. जोरात वाजणार. पण त्याच्या आधी एक टणसुद्धा नाही.

बोंडू पायरीवर बसला. आता कुणाकडे जाणार? पुढे कुणी उरलंच नव्हतं. त्याला रडू आलं. एवढासा तो. त्याचे अश्रू केवढे असणार? मोहरीएवढे. पण ते खरे होते.

तेवढ्यात दाराच्या कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. खर्र.

"काय रे पिल्ला, एवढी घाई कसली?"

कोण होतं? एक लाकडी फळी होती. फळीवर एक लाकडी हातोडी होती. तो होता खटखट्या. घंटा मुकी असते, तेव्हा लोकांना बोलवायला खटखट्या वाजवतात. वर्षाचे तीन दिवस त्याला काम. बाकी वर्षभर तो कपाटामागे असतो. त्याच्या अंगावर कोळ्याचं जाळं असतं. त्याला कुणी चकचकीत म्हणत नाही. त्याला कुणी काहीच म्हणत नाही.

बोंडूने डोळे पुसले आणि एका दमात म्हटलं,

"घंटा काही वाजेना,
वारा जागा होईना,
माड नारळ टाकेना,
उंदीर दावं तोडेना,
शेळी पान खाईना,
पाट काही वाहीना,
बदक अंडं देईना,
लुर्दी गाठोडं सोडेना,
भावंड माझं सुटेना.
खटखटेबुवा, तुम्ही वाजता का?"

"हो," खटखट्या म्हणाला.

बोंडूला खरंच वाटेना. त्याने विचारलं, मग आधी काय आणू? खटखट्या म्हणाला, काहीच नको. त्याला वाजायलाच आवडायचं. फक्त हातोडी हलवायला कुणीतरी हवं होतं. फादर जेवायला गेले होते. पोरं घरी गेली होती. चर्चच्या दारात कुणीच नव्हतं.

कुणीच नव्हतं कसं? बोंडू होता की.

बोंडू हातोडीवर चढला. त्याने उडी मारली. टुण. काही झालं नाही. पुन्हा मारली. टुण. हातोडी जराशी हलली. मग बोंडूने पंख पसरले. पंख कसले, नुसते कोंब. त्याने डोळे मिटले. भावंडाला आठवलं. आणि सगळा जीव गोळा करून उडी मारली. टुणकन.

खट.

पुन्हा मारली. खट खट. पुन्हा मारली. खट खट खटाखट. खट खट खटाखट. अख्ख्या गावाला ऐकू गेलं.

वारा धडपडून उठला. म्हणाला, ही घंटा नव्हे, पण झोप मोडली खरी. आणि तो सुटला. फूऽऽऽ.

माड डुलला. सर सर सर. नारळ पडला. धप्प. दगडावर फुटला. फटाक.

उंदराने खोबरं खाल्लं. कुरुम कुरुम. मग त्याने दावं तोडलं. करकर करकर, तट्.

शेळी सुटली. तिने पान खाल्लं. चरचर चरचर. आणि देठही खाल्लं, सांगितलं होतं तसं.

पाट वाहिला. खळखळ खळखळ. डबकं भरलं. बदकीण पाण्यात शिरली. डुबुक. आधी डावा पाय गार. मग उजवा पाय गार. मग तिने गवतातलं अंडं काढलं. पांढरं, मोठ्ठं, बोंडूपेक्षाही मोठं.

आता ते उचलणार कोण? कुणीच नाही. ते ढकलायचं. बदकिणीने चोचीने ढकललं. घरंगळ घरंगळ. पुढे बोंडू. मागे अंडं. अंड्यामागे बदकीण. बदकिणीमागे शेळी. शेळीच्या पाठीवर उंदीर, खोबरं खात. आणि सगळ्यांच्या मागे वारा. अशी वरात निघाली.

पण थांबा. वारा सुटला, तशी चूलही भडकली. धडधड धडधड. पातेलं उकळलं. खदखद खदखद. पाणी लाल झालं. लालबुंद.

आई घरातून आली. तिने पदराला हात पुसले. सूप उचललं.

आईचं गाठोडं आत गेलं. बुडुक.

पपांचं गाठोडं आत गेलं. बुडुक.

आत्याचं गाठोडं आत गेलं. बुडुक.

मग आईने लुर्दीचं गाठोडं हातात घेतलं.

बोंडू अंगणाच्या कडेशी पोहोचला होता. तो ओरडला. चिव. एवढ्याशा चिवकडे कुणाचं लक्ष जाणार? पण बोंडू आता एकटा नव्हता. बदकीण ओरडली, क्वॅक क्वॅक. शेळी ओरडली, बेंऽऽ. उंदीर ओरडला, चूं चूं. वाऱ्याने आईचा पदर ओढला, फूऽऽऽ. आणि लांब चर्चच्या दारात वाऱ्याने हातोडी हलवली होती. खट खट खटाखट.

लुर्दीने मान वळवली. तिला बोंडू दिसला. बोंडूमागे अंडं दिसलं, मोठ्ठं. लुर्दी उठली. "आई, थांब," ती म्हणाली. "त्यात भावंड आहे."

आईचा हात पातेल्यावर होता. तिथेच थांबला.

लुर्दीने गाठोडं दोन्ही हातांत घेतलं. ते उबदार होतं. तिने ते कानाला लावलं. आतून आवाज आला. टक टक. लुर्दीचे डोळे एवढे मोठे झाले. तिने गाठ सोडली. घट्ट होती. तिनेच बांधली होती. दातांनी ओढली. सुटली. आईला अंड्यावरची काळी रेघ दिसली आणि आई मटकन खाली बसली.

मग सगळे गोल बसले. बोंडू पुढे झाला. त्याने चोचीने हाक मारली, टक.

आतून उत्तर आलं, टक.

टक टक. टक टक टक. तडाक.

अंडं फुटलं. भावंड बाहेर आलं. ओलं, पिवळं, डोळे मिचकावणारं. आणि त्याच्या डोक्यावर काय होतं? कोथिंबिरीचं पान. चिकटलं होतं ते चिकटलंच. अगदी टोपीसारखं.

लुर्दी हसली. आईही हसली आणि तिने डोळे पुसले. लुर्दीने भावंडाचं नाव ठेवलं कोथू.

बोंडू रिकाम्या सुपावर चढला. तिथून तो मोठ्याने म्हणाला,

"खटखट्या वाजला,
वारा जागा झाला,
माडाने नारळ टाकला,
उंदराने दावं तोडलं,
शेळीने पान खाल्लं,
पाट खळखळ वाहिला,
बदकिणीने अंडं दिलं,
लुर्दीने गाठोडं सोडलं,
भावंड माझं सुटलं."

आणि कोथू म्हणाला, चिव. त्याला एवढंच येत होतं.

आईने लुर्दीला जवळ घेतलं. रेघ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लुर्दीने नीट ऐकलं. मग ती कोळसा घेऊन खुराड्यात गेली. कवडीच्या उरलेल्या दोन अंड्यांवर तिने आणखी एकेक रेघ ओढली. जाड. कुणी चुकायला नको.

आणि बदकिणीचं अंडं? त्यावर एक पान पुरेना. दोन लागली. फडकंही पुरेना. मग लुर्दीने आपली केसांची रिबीन सोडली आणि गाठोडं बांधलं. ते पातेल्यात गेलं. बुडुक, जरा मोठं.

दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. टेबलावर चार अंडी होती. आईचं लाल, पपांचं लाल, आत्याचं लाल. सगळ्यांत मोठं लुर्दीचं. त्यावर एक नाही, दोन पांढरी पानं. लुर्दीने ते सगळ्या वाडीला दाखवलं. दोनदा.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. टण टण टणाटण. टण टण टणाटण. काय तो आवाज. माडावरचे कावळे उडाले. वारा धावत सुटला. सगळे म्हणाले, वाजली बाई एकदाची घंटा.

खुराड्यात कवडीच्या पंखाखाली कोथू दचकला. त्याने बोंडूला विचारलं, हे काय?

"ती घंटा," बोंडू म्हणाला. "आज वाजली. काल मी खटखट्या वाजवला होता."

पाणी उतरलं, चूल निवली,
पंखाखाली पिल्लं निजली,
गोष्ट आमची इथे शिजली.